तिसऱ्या चाकाचा निवाडा

१९१३ साली फ्रान्समधील आमियाँ येथे सायकलकारांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. सायकलकार म्हणजे मोटारसायकलच्या जातीचे इंजिन बसवलेली हलकी, स्वस्त गाडी. डब्ल्यू. जी. मॅकमिनीज हा इंग्रज चालक मॉर्गन कंपनीच्या तीनचाकीतून पहिला आला. पण फ्रेंचांनी त्याची गाडी साइडकारवाल्या मोटारसायकलींच्या वर्गात टाकली आणि सायकलकारांतला पहिला मान बेदेलिया या चारचाकीला दिला. गंमत अशी, की बेदेलियाचा चालक प्रवाशाच्या पाठीमागे बसे, तर मॉर्गनमध्ये दोघे मोटारीतल्यासारखे शेजारी बसत. निर्णय मात्र चाके मोजून झाला.

जुन्या तीनचाकींना मोटार म्हणावे की मोटारसायकल, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण यंत्ररचनेत शोधतात. मॉर्गनचे इंजिन मोटारसायकलचे, मागच्या एकुलत्या चाकाला गती देणारी साखळीही तशीच. बैठक मात्र मोटारीची. या वाटेने वाद मिटत नाही. कर आणि परवान्याचे नियम पाहिले, की तो उलगडू लागतो.

१९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये मोटारीवरचा वार्षिक कर अश्वशक्तीमागे एक पौंड होता. छोट्या ऑस्टिन सेव्हनलाही आठ पौंड पडत. हलक्या तीनचाकीला चार. पुढे १९३० च्या कायद्याने चारपेक्षा कमी चाकांचे आणि आठ हंड्रेडवेटपर्यंतचे, म्हणजे सुमारे ४०६ किलोपर्यंतचे वाहन मोटारसायकल ठरवले. त्यामुळे मोटारसायकलच्या परवान्यावर बायकामुलांना छपराखाली बसवून नेता येऊ लागले. शर्यतीत मॉर्गनचा मान हिरावणारे नाव कामगाराच्या घरी सवलत बनून आले.

मग गाड्याच त्या व्याख्येच्या मापाने बेतल्या जाऊ लागल्या. रिलायंट कंपनीने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी रीगलला आधी ॲल्युमिनियमचे आणि नंतर फायबरग्लासचे अंग दिले. ब्रायटनला १९५७ पासून तयार होणाऱ्या इझेटाचे मागचे चाक एकच ठेवले. मोटारसायकलच्या परवान्यावर ती चालवता यावी म्हणून रिव्हर्स गियर बंद केला जाई. तिचे दार पुढच्या बाजूला होते. भिंतीला नाक लावून उभी केली, तर दारही उघडेना आणि गाडी मागेही घेता येईना! १९५२ च्या बाँड मिनीकारमध्ये पुढचे चाक इंजिनासकट काटकोनात वळे, त्यामुळे रिव्हर्स नसला तरी फारसे अडत नसे.

१९६२ मध्ये मोटारींवरचा खरेदीकर २५ टक्क्यांवर, तीनचाकींच्या पातळीला आला. चौथे चाक नसण्याचा एक मोठा फायदा संपला. बाँड मिनीकारचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले.

आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकल दोन चाकांची आहे. सुटी होणारी साइडकार असेल तर तिचे चाक तेवढे चालते. म्हणजे ब्रिटनमध्ये मोटारसायकल ठरलेली मॉर्गन आपल्या व्याख्येत बसणार नाही. गाडी तीच, बदलतो तो कायदा. म्हणून जुन्या तीनचाकीपुढे उभे राहिल्यावर ती मोटार की मोटारसायकल, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या देशात, कोणत्या साली आणि कोणत्या परवान्यावर चालवण्यासाठी बनवली, हे आधी विचारावे लागते. तिचे वजन, तिचा पत्रा आणि तिचा नसलेला रिव्हर्स गियर ही त्याचीच उत्तरे आहेत.