मेंदूचा दाह : एका प्राचीन संरक्षणाचा इतिहास

पुण्यातील विषाणू-संशोधनाचा इतिहास सामान्यतः साथींच्या अंगाने सांगितला जातो. परंतु त्यातील काही नोंदी वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या विचारालाही उपयोगी पडणाऱ्या आहेत.

येथे १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९६५ मध्ये नागपूरकडील चांदीपुरा येथील दोन ज्वरग्रस्तांच्या रक्तातून केंद्राने एक नवा विषाणू वेगळा केला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा तो केवळ ज्वरकारक वाटला होता. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूच्या तीव्र विकाराने ३२९ बालके आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. त्या साथीतही पुण्याच्या संस्थेला हाच विषाणू आढळला.

मेंदूज्वरात विषाणूइतकाच शरीराने चेतविलेला दाहही घातक ठरू शकतो. या दाहात मायक्रोग्लिया नामक रक्षकपेशींचा मोठा वाटा असतो. स्पेनमधील रिओ-होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे स्वतंत्र स्वरूप ओळखले. शत्रू ओळखण्याची त्यांची साधने मात्र फार जुनी. फळमाशीतील ‘टोल’ हे जनुक तिचे बुरशीपासून रक्षण करते, असे १९९६ मध्ये दिसून आले. पुढच्याच वर्षी मनुष्यातील तत्सम प्रथिनाचे कार्य उजेडात आले. माशी आणि मनुष्य यांचे वंश तर पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळे झालेले!

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या विकाराचा वृत्तान्त मांडला, त्यात हीच यंत्रणा वर्षानुवर्षे धुमसत राहते. मग निसर्गाने ती का राखली? तारुण्यात उपकारक असलेला गुण वार्धक्यात अपायकारक असला तरी टिकून राहतो, असे विल्यम्स यांनी १९५७ मध्ये प्रतिपादिले. बालमृत्यूंनी भरलेल्या जगात ज्यांचा दाह तत्पर, त्यांची संतती उरली. सत्तरीतील हानीचा निवडीवर फारसा परिणाम होणे शक्यच नव्हते. २००३ ची बालमृत्यूंची नोंद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

ही उपपत्ती आकर्षक असली तरी तीवरून दाहालाच सर्वस्वी दोषी ठरविणे उतावीळपणाचे होईल. मायक्रोग्लियांचे कार्य दुर्बल करणारा ‘ट्रेम-२’ जनुकाचा एक विरळा प्रकार अल्झायमर रोगाचा धोका वाढवितो, असे २०१२ मध्ये आढळले. म्हणजे रक्षक अतिरेकी झाला तर घातक, आणि हतबल झाला तरीही घातक.