टाळ्या कुठे पडायच्या

आमच्या तीर्थपुरीच्या पोरांना पानिपत म्हणजे नकाशातलं कुठलं तरी लांबचं गाव. म्हणून मी धड्याची सुरुवात परतूरपासून करायचो. "अरे, ती फौज आपल्या परतूरहून निघाली होती." मागच्या बाकावरचीही सावरून बसत. उदगीरला निजामाला नमवून मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब परतूरला आले आणि 14 मार्च 1760 ला उत्तरेकडे कूच झालं.

त्याआधीच 10 जानेवारीला यमुनाकाठी, बुराडी घाटावर मराठ्यांचे सरदार दत्ताजी शिंदे पडले होते. घायाळ, लढायचं त्राण संपलेलं. अफगाणांच्या बाजूच्या कुतुबशहाने त्यांचं मुंडकं कापलं. वर्ग चिडीचूप.

ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं. कुतुबशहा जिवंत हाती लागला. आपल्या लोकांनी त्याचं डोकं उडवून मिरवलं. इथे हमखास टाळ्या पडायच्या. मीही पडू द्यायचो.

मग पानिपत, 14 जानेवारी 1761. रणातली मारामारी सूर्यास्ताला संपली, कत्तल संपली नाही. शरण आलेल्यांना दुसऱ्या दिवशी रांगेत बसवलं, मूठभर भाजलेलं धान्य आणि घोटभर पाणी दिलं, नि माना उतरवल्या. बायका-पोरं गुलाम म्हणून हाकलत नेली. अफगाणांच्या बाजूने असलेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित, मूळचा दक्षिणीच, त्याने असे मारलेले सुमारे 40,000 सांगितलेत. आकडा अंदाजाचा; पण छावणीत असलेल्या माणसाचा. इब्राहिमखान गारदी, कोवळा जनकोजी शिंदे, दोघेही कैदेतच मारले गेले. त्यांची नावं तरी उरली. रांगेतले बारगीर, मोतद्दार, बुणगे कुठल्या गावचे, हे कोण लिहून ठेवणार? फौज परतूरहून निघाली, एवढ्यावरून मी मनाशी ताडतो.

युद्धकैद्याला मारू नये, हे जगाने 1949 च्या जिनिव्हा करारात पुन्हा पक्कं लिहून घेतलं. आमच्या वर्गात मात्र ते एका शेतकऱ्याच्या पोराने काढलं. भाजलेल्या धान्यापाशी मी थांबलो होतो. तो उठला, म्हणाला, "सर, कुतुबशहाला तरी काही खायला दिलं होतं का आपण?"

पोरं हसली. मला हसता आलं नाही. पुढच्या वर्षी कुंजपुऱ्याला टाळ्या सुरू झाल्या, तशी मी हात वर करून थांबवल्या, आणि "आता पानिपत," म्हणालो.