ध्वनिचित्र-वेष्टन

ध्वनिचित्र-वेष्टन : संकेतबद्ध चित्रांचा कच्चा प्रवाह, त्याच्या जोडीचा ध्वनिप्रवाह आणि दोहोंच्या वेळेच्या नोंदी एकत्र बांधून चालविण्याजोगी धारिका (फाईल) तयार करण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. संकेतन व वेष्टन या दोन भिन्न क्रिया होत. संकेतनाने चित्रांतील पुनरुक्ती काढून आकारमान घटविले जाते. वेष्टनाने मूळ चित्रात काहीच फरक पडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले, तेव्हा पहिल्या खेपेस १० टाकी-डब्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. पाणी तेच, ते वाहून नेण्याची सोय निराळी. अर्थात डबे मागेपुढे लागले तरी पाण्याचे काही बिघडत नाही; चित्रांच्या बाबतीत मात्र क्रम आणि वेळ यांवरच सारे अवलंबून असते.

चित्र व ध्वनी एकत्र बांधण्याचा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. अयोध्येचा राजा (१९३२) या चित्रपटाने मराठी बोलपटांचे युग सुरू झाले. बोलपटाच्या ३५ मिमी. फितीवर ध्वनीचा पट्टा चित्रांशेजारीच असतो. परंतु एखाद्या चित्राचा ध्वनी त्याच्या शेजारी नसून सुमारे २० चौकटी पुढे मुद्रित केलेला असतो. भिंगासमोर फीत थांबत थांबत सरकते, तर ध्वनिवाचकावरून ती एकसारखी जावी लागते, हे याचे कारण. तेव्हा मेळ साधण्याचे काम फितीची लांबीच करी. संगणकीय प्रवाहास अशी लांबी नसते. तेथे वेळ लिहूनच ठेवावी लागते.

क्विकटाइम (१९९१) व एव्हीआय (१९९२) ही वैयक्तिक संगणकांवर रूढ झालेली आरंभीची वेष्टने होत. एम्‌पेग या आंतरराष्ट्रीय तज्ञगटाच्या पहिल्या मानकावर आधारलेली व्हिडिओ सीडी १९९३ मध्ये आली आणि पुढे भारतात घरोघरी पोहोचली. याच गटाने १९९५ च्या सुमारास दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी निराळे वेष्टन सिद्ध केले. त्यात प्रवाहाचे १८८ बाइटांचे सारखे तुकडे पाडतात व प्रत्येकाच्या आरंभी ७१ हा ठरावीक अंक असतो. त्यामुळे मध्येच काही भाग हरवला, तरी ग्राहकयंत्रास पुन्हा धागा सापडतो. क्विकटाइमच्या रचनेवरून २००१ च्या सुमारास एमपी४ हे वेष्टन निघाले, तर २००२ मध्ये मात्रोस्का हे मुक्त वेष्टन आले.

एच.२६४ (२००३) या संकेतनाचा कच्चा प्रवाह पाहिल्यास वेष्टनाची गरज स्पष्ट होते. त्यात प्रत्येक घटकाच्या आरंभी खुणेचे बाइट असतात. पण कोणते चित्र केव्हा दाखवावयाचे हे सांगितलेले असेलच असे नाही. काही चित्रे मागच्या व पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधारे बांधलेली असल्याने उलगडण्याचा क्रम व दाखविण्याचा क्रमही वेगळा असतो. सेकंदाला ३० चित्रे या वेगाने घेतलेला १० मिनिटांचा प्रवाह चालक-आज्ञावलीने २५ चित्रांचा समजून चालविल्यास तो १२ मिनिटे चालतो. एमपी४ धारिकेत या साऱ्या नोंदींची अनुक्रमणिका सामान्यतः चित्रण संपल्यावर लिहिली जाते. त्याआधीच वीज गेली, तर चित्रे जागच्या जागी असूनही धारिका उघडत नाही. २००५ नंतर काही वर्षे मराठवाड्याच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. अशा प्रदेशात हा दोष केवळ पुस्तकी राहत नाही. यावर उपाय म्हणून अखंड चित्रण करणाऱ्या यंत्रांत १८८ बाइटांचे वेष्टन किंवा तुकड्यातुकड्यांनी अनुक्रमणिका लिहिणारी एमपी४ ची उपपद्धती वापरतात.

वेळेच्या या नोंदी आरंभबिंदूपासूनच्या असतात. त्यांवरून दोन चित्रांमधील अंतर कळते, घड्याळातील वेळ कळत नाही. चित्रावर उमटणारी वेळ ही यंत्रातील घड्याळाची असून ते घड्याळ बरोबर होते की नाही, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. ध्वनिचित्रण पुरावा म्हणून पुढे आले, की ही गोष्ट कळीची ठरते.

मराठवाड्यातील एका खटल्याने या प्रश्नास देशव्यापी महत्त्व आले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक मिळवून विजयी झाले. उमेदवारी अर्जांची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपत होती; अर्ज त्यानंतर दाखल झाला, असा आक्षेप निवडणूक याचिकांत घेण्यात आला. निर्वाचन अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आत व बाहेर झालेले चित्रण तबकड्यांवर उतरवून न्यायालयापुढे आले. परंतु भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ख प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र मागूनही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली. नांदेड व लातूर हे जिल्हेही याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपिले फेटाळताना नियम स्पष्ट केला : मूळ यंत्रच हजर केले तर प्रमाणपत्र नको, प्रत सादर केली तर ते अनिवार्य. संबंधित व्यक्ती ते देत नसेल, तर न्यायालयाकडे दाद मागता येते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात धारिकेचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली ठशासारखी संख्या, नोंदवावी लागते. येथे वेष्टनाचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. काही पहारा-कॅमेऱ्यांची यंत्रे चित्रण आपापल्या खास स्वरूपात साठवितात व ते सर्वसाधारण संगणकावर चालत नाही. ते एमपी४ मध्ये बांधले, तर चित्रातील एक ठिपकाही न बदलता हॅश मूल्य मात्र पूर्णपणे बदलते. संकेतन नव्याने केले, तर चित्रही बदलते. पहिला बदल निरुपद्रवी, दुसरा तसा नव्हे. परंतु संपूर्ण धारिकेच्या हॅश मूल्यावरून हा फरक ओळखता येत नाही. म्हणून मूळ धारिका जशीच्या तशी राखून, पाहण्यासाठी वेगळी प्रत करून, दोहोंची मूल्ये व बांधणीची रीत नोंदवून ठेवणे इष्ट असते. केवळ कच्च्या प्रवाहाचे हॅश मूल्य काढले, तर ते वेष्टन बदलूनही कायम राहू शकते. मात्र एमपी४ मध्ये बांधताना घटकांच्या आरंभीच्या खुणा काढून त्यांजागी लांबी लिहिली जात असल्याने, तुलनेपूर्वी दोन्ही प्रवाह एकाच रूपात आणावे लागतात.