शोधलेखांची मुक्त उपलब्धता व लेखकाधिकार

विद्यापीठीय संशोधन वाचकांस विनामूल्य मिळावे व प्रकाशनानंतरही लेखकाचे काही हक्क त्याच्याकडेच राहावेत, अशी व्यवस्था. सातारा व सांगली हे जिल्हे कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) कार्यक्षेत्रात येतात. तेथील महाविद्यालयांतून झालेल्या संशोधनाचे पीएच्.डी. प्रबंध पूर्वी मुख्यत्वे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊनच पाहावे लागत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरविले. त्यामुळे ‘शोधगंगा’ या संगणकीय संग्रहात प्रबंध सर्वांस खुले होऊ लागले.

शोधलेखांचे मात्र तसे झाले नाही. लेख स्वीकारताना अनेक नियतकालिके लेखकाकडून सर्व हक्क लिहून घेतात. परिणामी प्रबंध खुला, पण त्यावरील लेख सशुल्क, अशी विसंगती उद्‌भवते. वस्तुतः १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार सामान्यतः लेखक हाच प्रथम स्वामी असतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते व ते अंशतःही करता येते. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेने २००८ मध्ये अध्यापकांच्या लेखांबाबत विद्यापीठास अनन्य नसलेला परवाना आधीच देण्याचा ठराव केला. करारावर सही करण्यापूर्वी असा हक्क राखून ठेवल्यास ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकालाही आपला लेख सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देता येतो.