उपचारांची परीक्षा आणि पालकांची संमति

सुप्याचें नांव निघालें कीं इतिहासाच्या वाचकास शहाजीराजांची पुणें-सुपें जहागीर आठवते. परंतु तें सुपें बारामती तालुक्यांतलें. आमच्या डोळ्यांपुढें आहे तें गांव पारनेर तालुक्यांत, पुण्याहून अहिल्यानगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें असून अलीकडे कारखान्यांच्या वसाहतीमुळें तें पुष्कळांस ठाऊक झालें आहे. अशा गांवांतील एखाद्या घरीं तीन वर्षांचें मूल हांक मारली तरी वळून पाहत नाहीं, बोट दाखवून कांहीं मागत नाहीं, खेळण्याचें एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसतें. मग नगर-पुण्याच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात आणि एके दिवशीं 'स्वमग्नता' हा शब्द त्या घरांत शिरतो. पुढें कधीं असाहि प्रश्न येतो कीं, एका नव्या उपचाराची परीक्षा चालली आहे, तींत तुमच्या मुलास घालतां काय? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं अशा परीक्षांचा थोडा इतिहास आईबापांनीं जाणून घ्यावा असें आम्हांस वाटतें. त्यांतील पहिलीं प्रकरणें स्वमग्नतेचीं नसून प्लेगचीं आहेत, आणि तीं आपल्याच बाजूस घडलीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली असतां, जे कैदी पुढें आले त्यांस लस दिली गेली व न आलेल्यांशीं त्यांची तुलना झाली. कैदी राजीखुषीनें पुढें आले असें नमूद आहे. असेल; पण बाहेरचें दार बंद आणि आंत प्लेग, अशा ठिकाणच्या राजीखुषीस कितपत राजीखुषी म्हणावें? शिवाय तुलनेंत एक उणीव होती. पुढें येणारा व मागें राहणारा हे मुळांतच निराळे असूं शकतात.

ती उणीव भरून काढण्यासाठीं १८९८ च्या फेब्रुवारींत गायकवाडी मुलखांत, बडोद्यानजीकच्या उंधेरा गांवीं, निराळी रीत योजिली गेली. प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोंचली, निम्म्यांस नाहीं. एका छपराखालीं राहणारीं, एका चुलीवरचें खाणारीं माणसें अशीं दोन भागांत वांटलीं गेलीं. टोंचलेल्या ५१३ जणांपैकीं ८ जणांस प्लेग झाला व ३ दगावले. न टोंचलेल्या ४३७ जणांपैकीं २७ जणांस झाला व २६ दगावले. लसीची योग्यता सिद्ध झाली ती ह्या दुसऱ्या आंकड्यानें. ज्यांस कांहींच मिळालें नाहीं, त्यांचें देणें सर्वांत मोठें ठरलें. औषधशास्त्राचीं पुस्तकें हाफकिनसाहेबांचें नांव घेतात तें योग्यच आहे. उंधेऱ्याच्या त्या सव्वीस जणांचेंहि स्मरण व्हावयास हवें होतें.

स्वमग्नतेचें वर्णन लिओ कॅनर ह्यांनीं अमेरिकेंत १९४३ सालीं अकरा मुलांवरून केलें. त्यानंतर कित्येक वर्षें आईच्या थंडपणास दोष देण्यांत गेलीं. तें मत आतां टाकून दिलें गेलें आहे. १९९८ सालीं मात्र आशेची एक लाट उसळली. आंतड्याच्या तपासणीसाठीं 'सिक्रेटिन' नांवाचा पदार्थ दिलेल्या तीन मुलांत सुधारणा दिसली असें प्रसिद्ध झालें, आणि हजारों आईबाप त्यामागें लागले. पुढच्याच वर्षीं साठ मुलांवर रीतसर परीक्षा झाली. कांहींस सिक्रेटिन, कांहींस नुसतें मिठाचें पाणी; कोणास काय मिळालें हें आईबापांस ठाऊक नव्हतें. सुधारणा दोन्ही गटांत दिसली व दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं. हा निकाल ऐकल्यावरहि १०० पैकीं ६९ पालकांस तें औषध हवेंच होतें! आम्हांस ह्याचें हंसूं येत नाहीं. ज्या घरीं मूल 'आई' म्हणत नाहीं, तेथें एका नजरेलाहि सुधारणा मानलें जाणें स्वाभाविक आहे. आणि म्हणूनच कोणास काय मिळालें हें झांकून ठेवावें लागतें.

आतां गोव्याकडे वळूं. तेथील 'संगाथ' ह्या संस्थेनें, इंग्लंडांत तयार झालेल्या एका पद्धतीस आपल्या घरांना साजेसें रूप देऊन, २०१३ सालीं तिची परीक्षा केली. पाकिस्तानांतील रावळपिंडीसहि तीच परीक्षा त्याच वेळीं चालली. दोन ते नऊ वर्षांचीं ६५ मुलें होतीं. चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी होऊन ३२ मुलांस नवी पद्धति मिळाली व ३३ मुलांचे नेहमींचे उपचार तसेच चालू राहिले. येथें सुई नाहीं, गोळी नाहीं. खास शिक्षण दिलेली, पण डॉक्टर नसलेली कार्यकर्ती सहा महिन्यांत बारा वेळां भेटते. आई मुलाशीं खेळते, त्याचें चित्रण होतें, आणि मग दोघी तें पाहून मूल केव्हां पुढाकार घेतें व आईनें काय केलें म्हणजे तें वाढतें, हें शोधतात. ३२ पैकीं २६ कुटुंबांनीं बाराहि भेटी पुऱ्या केल्या. २०१६ च्या प्रसिद्ध निकालांत आईबापांचा प्रतिसाद बराच सुधारल्याचें व मुलें आपण होऊन अधिक संवाद करूं लागल्याचें दिसतें. तसेंच, एकाच गोष्टींत दोघांचें लक्ष गुंतण्याचा काळ मात्र घटला, हेंहि त्यांत स्पष्ट छापलें आहे. हें दुसरें वाक्य आम्हांस पहिल्याइतकेंच मोलाचें वाटतें. उपचार विकणाऱ्याच्या जाहिरातींत असें वाक्य कधीं आढळत नाहीं.

आणि विकणारे आहेतच. मूळपेशींचे उपचार स्वमग्न मुलांवर मोठी रक्कम घेऊन केले जात असतां, राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं त्यांची शिफारस करतां येत नाहीं असें सांगितलें. पुराव्यावांचून पैसे घेऊन दिलेल्या सुईपासून, ती लागू पडो वा न पडो, पुढच्या मुलास कांहींच कळत नाहीं. म्हणून सुप्याच्या पालकांनीं पहिला प्रश्न पैशाचा विचारावा. परीक्षेंतील नव्या उपचाराचें मोल भाग घेणाऱ्याकडून घ्यावयाचें नसतें. कोणी मागत असेल तर ती परीक्षा नव्हे, दुकान आहे. भारतांत २००९ पासून औषधपरीक्षांची नोंद सरकारी नोंदवहींत आधीं करावी लागते व ती नोंद कोणासहि पाहतां येते. आपलें मूल दुसऱ्या गटांत निघालें तर काय, हें सही करण्यापूर्वीं घरांत बोलून घ्यावें. मध्येंच बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि त्यामुळें नेहमींचे उपचार बंद होतां कामा नयेत. सात वर्षांवरील मुलाची स्वतःचीहि अनुमति घ्यावी असा दंडक आहे. जें मूल बोलत नाहीं तें हात झिडकारून वा तोंड फिरवून जें सांगतें, तें तेथें उत्तर म्हणून धरलें जातें काय, हें आईनें विचारावें. येण्याजाण्याच्या खर्चाची भरपाई मागण्यांतहि संकोच नको: सुप्याहून पुण्यास महिन्यांतून दोन फेऱ्या म्हणजे कारखान्यांत राबणाऱ्या बापाच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी, आणि गोव्यांत सहा महिने असाच क्रम होता.