सूचिपत्रातले इंजिन

वाफेच्या इंजिनाची एखादी नवी छोटी प्रतिकृती दुकानात येण्याच्या कितीतरी महिने आधी तिची बातमी यावी, तिचे चित्र छापले जावे, आणि ती हाती पडेपर्यंतचा काळ रसिकांनी तर्कवितर्कांत व पैशांच्या जुळवाजुळवीत घालवावा, ही रीत खेळण्यांच्या व्यापारात मुळापासून चालत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मुलाला नाताळात पत्र्याची आगगाडी मिळे, ती चार दिवस चाले, मोडे, आणि पुढच्या वर्षी मिळणाऱ्या गाडीचा तिच्याशी काही संबंध नसे. कारण प्रत्येक कारागिराचे रूळ वेगळे आणि चाकांमधले अंतरही वेगळे. १८९१ साली लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन या पेढीने ठरीव मापांच्या रुळांची आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्यांची मालिका मांडली, त्या दिवशी या व्यवहाराचे स्वरूप पालटले असे मी मानतो. घरातले रूळ एकदा प्रमाणित झाले, की खरेदी कधी पुरी होत नाही. पुढे निघणारे प्रत्येक इंजिन आपल्याच रुळांवर धावणार हे ठाऊक असल्यामुळे, जे अजून निघालेले नाही त्याच्याविषयीही आस्था उत्पन्न होते. या प्रतीक्षेचा पाया मापाच्या शिस्तीत आहे.

दुसरी गोष्ट लागली ती खऱ्या इंजिनाशी साम्य असण्याची, आणि तिचे श्रेय नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या गृहस्थाला द्यावे लागेल. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीचे काम पाहिले, आणि पुढच्या काही वर्षांतच हेन्री ग्रीनली या अभियंत्याच्या रेखाटनांवरून, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ इंजिनाची प्रतिकृती जर्मनीत घडून इंग्लंडात टपालाने विकली जाऊ लागली. ग्राहक आता ‘एक इंजिन’ मागेनासा झाला. तो नावाने इंजिन मागू लागला, आणि जे नाव यादीत नसे ते केव्हा येणार म्हणून विचारणा करू लागला.

परंतु ही रीत सामान्य घरांत पोचवली ती लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने. मेकॅनो या जोडखेळाचा हा जनक १८६३ साली जन्मला. बिन्स रोडवरचा त्याचा कारखाना १९१४ साली उभा राहिला आणि त्याच्या आगगाड्या १९२० पासून बाजारात आल्या. त्याआधीच, १९१६ साली, त्याने ‘मेकॅनो मॅगझीन’ हे मासिक काढले होते, आणि १९२५ पासून ‘हॉर्नबी बुक ऑफ ट्रेन्स’ हे रंगीत वार्षिक निघू लागले, ज्याच्या पूर्वार्धात खऱ्या रेल्वेची माहिती असे आणि उत्तरार्धात त्या सालचे सूचिपत्र. पानांची ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. वाचणारा मुलगा खऱ्या इंजिनाच्या वर्णनातून सरळ किंमतींच्या कोष्टकात उतरे आणि या दोहोंमधला सांधा त्याच्या ध्यानातही येत नसे. प्रत्यक्षात त्या काळची हॉर्नबीची पुष्कळशी इंजिने खऱ्यांपासून बरीच दूर होती. एकाच साच्याच्या पत्र्याला चार रेल्वे कंपन्यांचे चार रंग देऊन ती चारही कंपन्यांच्या अभिमान्यांना विकली जात. म्हणूनच हुबेहूब इंजिनाची अपेक्षा वर्षानुवर्षे साठत गेली, आणि १९३७ साली ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ जाहीर झाले तेव्हा त्याचे एवढे अप्रूप वाटले. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात खऱ्या ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ने लंडन ते ग्लासगो हे चारशे मैलांचे अंतर कोठेही न थांबता सहा तासांच्या आत तोडले होते, तिची प्रतिकृती लाकडी पेटीत, पाच गिनी किमतीला मिळत असे. पाच गिनी म्हणजे एकशे पाच शिलिंग. मजूरवर्गातल्या बापाला ही रक्कम आवाक्याबाहेरचीच होती, आणि बहुसंख्य मुलांनी ते इंजिन केवळ कागदावर पाहिले.

हॉर्नबी १९३६ मध्ये वारला. त्याच्यामागे कंपनीने जे मोठे पाऊल उचलले ते आकार निम्म्याने घटवण्याचे. १९३८ च्या शरद ऋतूत, म्हणजे ‘मॅलार्ड’ या खऱ्या वाफेच्या इंजिनाने जुलैत ताशी १२६ मैलांचा विक्रम केल्यानंतर थोड्याच महिन्यांनी, त्याच वर्गाचे ‘सर नायजेल ग्रेस्ली’ हे इंजिन ‘हॉर्नबी डब्लो’ नावाने जेवणाच्या मेजावर मावेल अशा रूपात आले. हे इंजिन हातात घेऊन पाहण्यासारखे होते. पत्रा वाकवून केलेल्या अंगाऐवजी साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूचे अंग, त्यामुळे हाताला जाणवणारे वजन, आणि पोटाखाली मधल्या तिसऱ्या रुळाला घासत जाऊन वीज उचलणारी धातूची पट्टी. मोटारीत कायम चुंबक असल्यामुळे प्रवाहाची दिशा बदलली की इंजिन मागे फिरे. त्याला हात लावावा लागत नसे. एक तडजोड मात्र त्यात कायमची राहून गेली. इंग्लंडातले बोगदे व पूल अरुंद, म्हणून तिथली इंजिने युरोप खंडातल्या इंजिनांहून अंगाने लहान. खंडातले साडेतीन मिलिमीटरला एक फूट हे प्रमाण घेतले तर इंग्लिश इंजिनाच्या पोटात मोटार मावेना. तेव्हा अंग चार मिलिमीटरला एक फूट या प्रमाणाने वाढवले आणि रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवले. हिशेबाने हे अंतर चार फूट दीड इंच भरते, तर खऱ्या रुळांतले अंतर चार फूट साडेआठ इंच असते. आजही इंग्लिश रसिकांत याबद्दलचा वाद मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटू नये. अचूकतेचा एवढा आग्रह बाळगणारे लोक होते म्हणूनच प्रत्येक नव्या इंजिनाकडे कसोटी लावून पाहिले गेले.

पुढचे इंजिन १९३९ साली जाहीर झाले: लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे ‘डचेस ऑफ अ‍ॅथॉल’. या वर्गाच्या जन्मकथेत हिंदुस्थानचा दूरान्वयाने का होईना संबंध आहे, तो असा की मुख्य यांत्रिक अभियंता विल्यम स्टॅनियर रेल्वेच्या कामगिरीवर इकडे आलेले असताना, आराखड्याचे तपशीलवार काम डार्बी येथे टॉम कोलमन या मुख्य आरेखकाने पार पाडले. खरे ‘अ‍ॅथॉल’ १९३८ मध्ये रुळांवर आले होते, आणि वर्षभरात त्याची प्रतिकृती जाहीर व्हावी हा वेग त्या काळी कौतुकाचा होता. पण सप्टेंबरात युद्ध पेटले. धातूच्या खेळण्यांवर सरकारी निर्बंध आले, बिन्स रोडची यंत्रे युद्धसामग्रीच्या कामाला जुंपली गेली, आणि ‘डचेस’ची तजवीज बेमुदत तहकूब झाली. मुलांनी मात्र १९३९ ची जाहिरात फेकली नाही. युद्ध संपल्यावरही कच्च्या मालाची टंचाई आणि निर्यातीला अग्रक्रम यांमुळे दुकानांच्या फळ्या रिकाम्या राहिल्या, आणि ‘डचेस’ सरतेशेवटी १९४८ च्या सुमारास ग्राहकांच्या हाती पडली. बाराव्या वर्षी जाहिरात वाचणारा मुलगा तोवर एकवीस वर्षांचा झाला होता, आणि बहुधा लष्करात चाकरी करून परतला होता.

इकडे १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण अमलात येऊन जुन्या कंपन्या दप्तरातून खारीज झाल्या. अशा रीतीने, ज्या कंपनीच्या किरमिजी रंगात आणि आद्याक्षरांत ‘डचेस’ नटून आली ती कंपनीच उरली नव्हती. बिन्स रोडने तरीही जुने रंग तत्काळ टाकले नाहीत. नव्या सरकारी रेल्वेच्या रंगातली इंजिने १९५३ मध्ये आली, आणि त्याबरोबर ‘अ‍ॅथॉल’ची जागा हिरव्या ‘डचेस ऑफ माँट्रोज’ने घेतली. ही पाच वर्षांची दिरंगाई केवळ व्यापारी सोयीची होती असे कोणी म्हणेल. मला तीत ग्राहकाविषयीची जाण दिसते, कारण ज्याने नऊ वर्षे वाट पाहिली त्याला वचन दिलेल्या रंगातलेच इंजिन हवे होते, आणि त्याच्या दृष्टीने ते मुळीच शिळे झालेले नव्हते. प्रतिकृतींचा धंदा चालू काळाच्या मागून न जाता स्मरणाच्या आधारे चालू शकतो, हे कारखानदारांना येथे प्रथम कळले असावे. तेव्हापासून नव्या इंजिनाची वाट पाहणाऱ्यांत प्रौढांची संख्या वाढतच गेली.

हॉर्नबी डब्लोचा अंमल पुढे फार टिकला नाही. मधल्या तिसऱ्या रुळाचा हट्ट कंपनीने १९५९ पर्यंत सोडला नाही, तोवर ट्राय-अँग या प्रतिस्पर्धी छापाच्या स्वस्त, प्लॅस्टिकच्या, दोन रुळांवर धावणाऱ्या इंजिनांनी बाजार काबीज केला होता, आणि १९६४ मध्ये ट्राय-अँगच्या मालकांनी, लाइन्स ब्रदर्सनी, मेकॅनो कंपनीच ताब्यात घेतली. खरे ‘अ‍ॅथॉल’ १९६२ च्या अखेरीस सेवेतून निघून भंगारात गेले; त्या वर्गातली तीन इंजिने जतन झाली, त्यांत ते नाही.

जाहीर करण्याची पद्धत मात्र चालू राहिली, आणि तिच्यात एक इष्ट फेरफार झाला. आता रंग चढण्याआधीचा करडा नमुना प्रथम प्रदर्शनात मांडला जातो. वाट पाहणारे लोक जुनी छायाचित्रे आणि कारखान्यांची मूळ रेखाटने घेऊन त्यासमोर बसतात, धुराड्याची उंची आणि बॉयलरवरचे पट्टे ताडून पाहतात, चुका लिहून कळवतात, आणि पुष्कळदा साचा त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्त होतो.