लस आणि राजसत्ता

1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. डॉक्टर हाफकिन यांनी त्यावर प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. परंतु त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांचे सोजीर झडतीसाठी घरोघर शिरत होते. देवघराचाही मान राहिला नाही, अशी लोकांची तक्रार होती. मग त्याच सरकारच्या सुईवर त्यांनी विश्वास तरी कसा ठेवावा?

पुढे 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. सरकारने दोष हाफकिन यांच्या माथी मारून त्यांना पदावरून दूर केले. वस्तुतः बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 साली मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.

दोन्ही प्रसंगी लशीच्या गुणदोषांची चिकित्सा मागेच राहिली. लोकांनी पाहिले ते सत्तेच्या वर्तनाकडे. सत्तेने पाहिले ते आपल्या अब्रूकडे. औषधाचा गुण प्रयोगशाळेत ठरतो. त्यावरील विश्वास मात्र राज्यकर्त्यांनाच मिळवावा लागतो.